गद्याचा कस

चांगल्या लेखनाच्या पहिल्या गुणाला काव्यशास्त्राने ‘प्रसाद’ असे नाव दिले. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये तो वाळलेल्या सरपणातील आगीच्या दाखल्याने समजावला : ठिणगी पडताच आग सगळीकडे धावते, तसा अर्थ वाचकाच्या मनात पसरावा. माधुर्य आणि ओज हे गुण रसाप्रमाणे येतात-जातात. प्रसाद मात्र सर्वच रसांना लागतो. सोपे शब्द वापरले की प्रसाद साधतो, हा समज चुकीचा आहे. सोप्या शब्दांतही गोंधळ मांडता येतो.

मराठी गद्याला हा गुण महानुभाव पंथाकडून मिळाला. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले; पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, एवढेच त्यांचे कारण होते. कोणासाठी लिहायचे हे इतके स्पष्ट असले की भाषा आपोआप वळणावर येते. त्याच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणी सांगणाऱ्यांकडे जाऊन गोळा केल्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तिथे त्यांनी वेगवेगळे पाठ नोंदवून ठेवले. शैलीच्या चर्चेत हा सचोटीचा गुण कोणी मोजत नाही. तो पहिल्या रांगेत मोजायला हवा.

आधुनिक काळात या गुणांचा कस पाहायचा तर जुना उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचे धाराशिव आणि १९८२मध्ये वेगळे झालेले लातूर, याहून चांगली जागा नाही. काटगावच्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१मध्ये आली. ती शिंप्याची बायको पार्वती सांगते, आणि तिच्याच बोलीत सांगते. त्याआधी ग्रामीण कथेत बहुधा पात्रे बोलीत बोलत आणि लेखक प्रमाण भाषेत. त्यामुळे लेखक बांधावर उभा राहून शेताकडे पाहतो आहे, असे वाटे. बोराड्यांनी निवेदकालाच शेतात उतरवले. पार्वतीला जेवढे दिसते तेवढेच वाचकाला दिसते. गावगाडा का मोडतो आहे यावर ती भाषण देत नाही, तिला फक्त आपले घर मोडताना दिसते. म्हणूनच तिचा शब्द उसना वाटत नाही.

कळंब तालुक्यातील हासेगावच्या भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकामुळे घरोघरी पोचली. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळत जातो आणि शेवटी बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो. हे सारे मुलाच्या नजरेतून येते. शेतमालाच्या भावाचे राजकारण मुलाला कळत नाही आणि लेखकही ते मध्ये घुसून समजावत नाही. संयम म्हणतात तो हा. शेवटी एक पानभर भाष्य जोडले असते, तर चिखलाचा लाल रंग पुसला गेला असता.

त्यानंतरच्या बऱ्याचशा ग्रामीण लेखनात मात्र या दोघांचे अनुकरण झाले ते वरवरचे. बोली संवादापुरती, फोडणीसारखी टाकली जाते. दुष्काळ, कर्ज आणि गळफास या क्रमाने कथा सरकते आणि पुढे काय होणार ते वाचकाला दुसऱ्याच पानावर कळते. विषय खरा असतो, वेदनाही खरी असते. पाहणे तेवढे उसने असते.

वाशी तालुक्यातील तेरखेड्याबाबत हे उणेपण फार जाणवते. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. तिथे स्फोट झाला की बातमी ठरलेल्या शब्दांत उमटते : परिसर हादरला, घबराटीचे वातावरण पसरले, हळहळ व्यक्त होत आहे. ही वाक्ये कोणत्याही गावाला चिकटवता येतात, म्हणून ती तेरखेड्याबद्दल काहीच सांगत नाहीत. तेरखेडा सांगायचा तर तिथल्या कामाच्या तपशिलातून. शंभर भागांत सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० हे काळ्या दारूचे जुने प्रमाण. सुतळी बॉम्बमध्ये दारूच्या पुडीभोवती सुतळीचे वेढे घट्ट बसावे लागतात. वेढा सैल राहिला तर दारू नुसतीच फुसकन जळते, आवाज होत नाही. इतके जवळून पाहिल्याशिवाय त्या हातांचे कसब आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावरचा धोका वाक्यात उतरत नाही. नेमकेपणा हा भाषेचा दागिना नाही; ज्याच्याविषयी लिहायचे त्याला दिलेला तो मान आहे.

धाराशिवच्या तरुण लेखकांपुढे आज हेच काम उभे आहे. दिवसभर सुतळी गुंडाळून संध्याकाळी घराकडे निघालेल्या बाईचे सांगणे, पार्वतीच्या सांगण्याइतक्याच ताकदीने, तिच्याच बोलीत त्यांनी कागदावर आणावे.