‘पण लक्षांत कोण घेतो!’ : देणगी कीं हक्क?

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० सालीं निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकांतून वाचकांच्या हातीं पडूं लागली आणि १८९३ सालीं पुस्तकरूपानें आली. मधल्या काळांत, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचें संमतिवय दहावरून बारावर गेलें, आणि त्या दोन वर्षांपायीं पुण्यांतील वर्तमानपत्रांनीं एकमेकांवर लेखण्या उगारल्या. हा योग पाहून पुष्कळ टीकाकार ह्या कादंबरीस सुधारकांचें पत्रक समजतात. आमच्या मतें ती सुधारकांनाहि अडचणींत टाकणारी आहे.

यमूला सुखाचे दिवस लाभतात ते मुंबईस. सासरच्या जाचांतून सुटून ती नवऱ्याबरोबर वेगळें बिऱ्हाड करते, वाचते, मनांतलें मोकळेपणीं बोलते. रघुनाथरावांइतका सुशील पति मराठी कादंबरींत विरळा. परंतु ह्या सुखाचा पाया कोणता? यमूला जें जें मिळतें तें पतीच्या चांगुलपणामुळें मिळतें. तें मागण्याचा अधिकार तिला नाहीं, आणि तसा अधिकार असावा असें तिच्या मनांतहि फारसें येत नाहीं. म्हणूनच रघुनाथराव वारतांच सारा डोलारा एकदम कोसळतो. ती पुण्यास परत येते आणि शंकरमामंजी तिचें बळजबरीनें केशवपन करवितात. यमू तीच, तिचें वाचन तेंच, तिची समज तीच. केवळ देणारा गेला. देणगी आणि हक्क ह्यांतील भेद आमच्या वाङ्मयांत इतक्या निर्दयपणें क्वचितच दाखविला गेला असेल. तो दाखवावा असें हरिभाऊंच्या मनांत होतें कीं नाहीं, हा प्रश्न गौण होय.

राजकारणांत हा भेद आमच्या पुढाऱ्यांस लवकरच कळला. राष्ट्रसभा आरंभीं सरकारकडे अर्जविनंत्या घेऊन जात असे. सरकारची कृपा म्हणजे प्रजेचा हक्क नव्हे, हें ज्यांनीं देशास शिकविलें त्यांत लोकमान्य टिळक अग्रगण्य. पण उंबऱ्याच्या आंत मात्र हा न्याय शिरला नाहीं. टिळकांचा विरोध, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणें, सुधारणेला नसून परक्या सरकारच्या कायद्याला होता, आणि ह्या म्हणण्यांत वजन नाहीं असें नाहीं. १८९० सालीं त्यांनीं सुधारकांपुढें जीं कलमें ठेवलीं, त्यांत मुलीचें लग्न सोळा वर्षांच्या आंत करूं नये, विधवेस विद्रूप करूं नये, अशीं कलमें होतीं. ज्यांनीं सही करावी त्यांनीं तीं पाळावीं. शंकरमामंजी अशा कागदावर सही करते ना, हें उघड आहे. पण ज्यानें सही केली असती त्याच्या घरांतील विधवेनें तरी तो कागद घेऊन कोणापाशीं दाद मागावी? सुधारक काय, राष्ट्रवादी काय, दाता पुरुषच राहणार ह्याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें.

कादंबरीचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. पाल्हाळ फार आहे. शंकरमामंजींना इतकें काळेंकुट्ट रंगविलें आहे कीं वाचकाचा राग रूढीवरून उडून त्या एका नष्ट माणसावर बसतो. तेंच कृत्य एखाद्या प्रेमळ, देवभोळ्या सासऱ्यानें केलें असतें तर घाव अधिक खोल गेला असता. यमू रडते फार, हा आक्षेप मात्र आम्हांस मान्य नाहीं. १८८७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें ‘नवऱ्याकडे जा, नाहींतर कैदेंत जा’ असें फर्माविलें तेव्हां रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली, हें खरें. पण रखमाबाईंच्या पाठीशीं मुंबईंतील वजनदार मंडळी होती आणि हातीं वडिलार्जित मालमत्ता होती. यमूजवळ ह्यांपैकीं कांहीं नव्हतें, होती ती केवळ तिची भाषा. आणि घरगुती बायकी बोलण्याची ती भाषा हरिभाऊंनीं इतकी अचूक उचलली आहे कीं पुरुष लिहीत आहे ह्याचा वाचकाला पानोंपानीं विसर पडतो.

आधीं राजकीय, मग सामाजिक, ह्या पक्षाची परीक्षा पुढें काळानेंच घेतली. १९४७ सालीं स्वराज्य आलें. परक्या सरकारचा आक्षेप उरला नाहीं. तरीहि हिंदु कोड बिल रखडलें, आणि १९५१ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मंत्रिपद सोडलें त्याच्या कारणांत ही रखडपट्टी होती. १९३७ च्या कायद्यानें विधवेस मिळालेला हिस्सा हयातीपुरता होता. १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानें हिंदु स्त्रीची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरली. यमूची कहाणी छापून झाल्यास तेव्हां त्रेसष्ट वर्षें लोटलीं होतीं.