बिननावाची गोष्ट

दिवाळी अंकात वर्षभरातील कथा-कादंबऱ्यांचा परामर्श घेणारा एखादा लेख असावा, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. संपादकांनी तो मला लिहावयास सांगितला, तेव्हा मी थोडा घुटमळलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पोटासाठी शाळेत शिकवतो, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. समीक्षेची पदवी माझ्यापाशी नाही. शिवाय खरे सांगायचे तर, आपल्या घराघरांतून आज सर्वांत अधिक वाचल्या जाणाऱ्या कथा छापल्याच जात नाहीत. त्या मोबाइलवर येतात, सकाळच्या चहाबरोबर वाचल्या जातात आणि कपातला चहा संपण्याआधी पुढे धाडल्या जातात. तेव्हा वाचकहो, परामर्श घ्यायचा तो या वाङ्मयप्रकाराचाच घेऊ या.

हसू नका. हा वाङ्मयप्रकारच आहे. त्याला कथानक आहे, खलनायक आहे, आणि परिणाम तर असा, की नामांकित कथाकारांनी हेवा करावा. मी बोलतो आहे ते परधर्मीयांविषयी, भटक्यांविषयी, एकंदरीत संख्येने थोड्या असलेल्या माणसांविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल. व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर त्यांचे पीक बारमाही असते.

कथाकाराच्या नजरेने पाहिले, तर या गोष्टींत तीन व्यंगे दिसतात. पहिले, त्यांना लेखक नसतो. 'आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितले' अशी सुरुवात असते. पण ते डॉक्टर कोण, हे विचारू गेल्यास प्रत्येक जण आपल्या मागच्याकडे बोट दाखवतो. दुसरे, त्यांतील पात्रांना नाव नसते. 'त्या' जातीचा, 'त्या' धर्माचा, एवढेच स्वभावचित्रण. आणि तिसरे, त्यांचा पुढचा-मागचा भाग कापलेला असतो.

या तिसऱ्या व्यंगाचा एक नमुना विसरता येत नाही. मुले पळवली जाऊ नयेत म्हणून कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करणारा छोटा चित्रपट काढला होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात. मग परत येऊन त्याला खाली ठेवतात आणि एक फलक उघडून दाखवतात, की मूल पळवायला इतकाच वेळ पुरतो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा खऱ्या चोरीचे चित्रण म्हणून २०१८ साली आपल्या देशात गावोगाव फिरला. सावध करणारी गोष्ट शेवट कापताच माणसे मारायला लावणारी गोष्ट झाली.

मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशाच गोष्टी त्या वर्षी धुळे जिल्ह्यातही फिरत होत्या. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. ते सोलापूर जिल्ह्यातील, मंगळवेढ्याकडचे. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढेच निमित्त झाले. जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या पाचही जणांना ठार मारले. २०२४ साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. हात उचलणाऱ्यांना शिक्षा झाली. पण ती गोष्ट ज्यांनी ज्यांनी पुढे सांगितली, ते आपापल्या घरी सुखाने जेवले.

व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतापुरता नियम केला, की एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही. बरे झाले. पण गोष्ट पसरते ती यंत्राच्या वेगाने, आणि ती खरी वाटते ती आपल्या मनाच्या तयारीने. त्या मनाला नियम कोण लावणार?

या कथांचे तंत्र कळायचे असेल, तर पालघर जिल्ह्यातले गडचिंचले आठवावे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, चोर आल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या मोटारचालकाला मारले. म्हणजे त्या रात्री भगवी वस्त्रेसुद्धा कोणाला वाचवू शकली नाहीत. आणि त्यांचे रक्त वाळते न वाळते, तोच नवी गोष्ट सुटली, की मारणारे मुसलमान होते! अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून सांगावे लागले, की यात एकही मुसलमान नाही. बिननावाच्या गोष्टीला नावानिशी उत्तर द्यावे लागले. या कथांत खलनायकाची जागा आधीपासून मोकळी ठेवलेली असते. हंगामाप्रमाणे तीत कोणालाही बसवता येते.

इथवर मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून बोललो. आता मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले पाहिजे.

त्याच एप्रिलमध्ये मलाही एक चित्रफीत आली. एक म्हातारा फळवाला बोटाला थुंकी लावून गाडीवरची फळे लावतो आहे. खाली लिहिले होते, की 'हे' लोक मुद्दाम रोग पसरवीत आहेत. भीती सर्वांच्याच पोटात होती, माझ्याही होती. मी ती शाळेच्या पालकांच्या गटावर धाडली. वर 'काळजी घ्या' असे दोन शब्द माझ्या पदरचे घातले. पुढे उघड झाले, की ती चित्रफीत मध्य प्रदेशातल्या रायसेनची, आणि टाळेबंदीच्या आधीची, फेब्रुवारीतली होती.

आमच्या गल्लीत दर दिवाळीला एक मणेरचाचा बांगड्या भरायला येत. आईच्या हाताचे माप त्यांना पाठ होते; न विचारता ते बरोबर माप काढीत. त्या दिवाळीत ते आलेच नाहीत. बाजारात गाठ पडली, तेव्हा मी म्हणालो, "चाचा, यंदा फिरकला नाहीत?"

ते म्हणाले, "मास्तर, बांगडी भरायची म्हंजे हात हातात घ्यावा लागतो. यंदा कोण देणार हात?" मग जरा थांबून म्हणाले, "नातू तुमच्याच वर्गात हाय. त्यानं दाखवलं मोबाइलात. म्या म्हटलं, खोटं असंल. तर पोरगं म्हणतं, मास्तरांनी धाडलंय, म्हंजे खरंच असणार."

रागावले असते, तर मला सोपे गेले असते. ते रागावले नाहीत. आपल्याच आजोबांच्या जातभाईंविषयीची ती गोष्ट त्या मुलाने खरी मानली, कारण तिच्याखाली माझे नाव होते. लेखक नसलेल्या गोष्टीला मी माझे नाव दिले होते.

त्या रात्री मी त्याच गटावर लिहिले, की मी धाडलेला मजकूर खोटा होता, माझी चूक झाली. दोघा-तिघांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. माझी दुरुस्ती मात्र कोणी पुढे धाडली नाही. खऱ्याला खलनायक नसतो. मग ते वाचायचे कोणी?

वर्गात आता मी मुलांना कोणतीही गोष्ट आली, की तीन प्रश्न विचारायला सांगतो: सांगणारा कोण? ज्याच्याविषयी सांगतो आहे, त्याचे नाव काय? आणि याच्या आधी व नंतर काय घडले? कथेच्या परीक्षणाला एवढे प्रश्न पुरतात, असा माझा अनुभव आहे. शेजारधर्मालाही पुरावेत.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी चाचांच्या घरी जाऊन बोलावणे केले. ते आले. ओसरीवर बसले, आईने हात पुढे केला. चाचांनी पेटी उघडली आणि खाली मान घालून विचारले, "आक्का, माप काय?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारले नव्हते.