झांजेचा मिटता नाद

कुकडीकांठच्या ओझरास विघ्नेश्वराची आरती ऐकून परततांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, या गोंगाटांत संगीत तें कोणतें?" प्रश्न उद्धट होता, पण वायफळ नव्हता.

झांज पातळ व पसरट. तिचा नाद फांकतो, इतर नादांवर सांडतो. वारकऱ्याचा टाळ जाड, वाटीसारखा. त्याचा सूर नेमका. दोन्ही कांशाचीं, म्हणजे तांबें व कथील यांच्या मिश्रणाचीं. परंतु धातूपेक्षां महत्त्व हाताचें. टाळकरी कडेवर कड आपटून सोडतो तेव्हां नाद घुमतो. वाट्या एकमेकींवर दाबून धरतो तेव्हां तो 'चट्' होऊन मिटतो. लय जितकी आघातानें, तितकीच या मिटण्यानें बनते. पाश्चात्त्य ड्रमवादकाची 'हाय-हॅट' याच तत्त्वाची: दांड्यावर समोरासमोर बसविलेल्या दोन झांजा, आणि त्यांची उघडझांप पायाखालच्या पट्टीनें. १९२० च्या दशकांत जाझच्या वाद्यवृंदांत ती घडत गेली. तेथेंही जाणता वादक काठीइतकाच पायानें ओळखूं येतो.

आतां अनेक देवळांत विजेवर चालणारें नगारा-झांजांचें यंत्र आलें आहे. आरतीस माणसें जमत नाहींत, हें त्याचें समर्थन मला समजतें. पण त्या यंत्रास आघात येतो, मिटणें येत नाहीं. आरती संथ असो वा चढती, तें एकाच मापानें बडवीत राहतें. विद्यार्थ्याच्या घराजवळच्या देवळांत असेंच यंत्र आहे, असें त्यानें मागाहून सांगितलें. झांजांची जोडी त्यानें कधीं हातांत घेतली नव्हती.