अतिवास्तववाद आणि आपली धर्मकविता

'नव्या कवितेत सारे मोडलेले, कुजलेले आणि अमंगळच का असते?' हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती वाचकवर्गात वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याचा रोख बहुधा बा. सी. मर्ढेकरांवर असतो, क्वचित अरुण कोलटकर वा विलास सारंग यांच्यावर. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु तो विचारून झाला की आपण पुस्तक मिटून ठेवतो, ही खरी अडचण.

'आधुनिकतावाद' हा शब्दच आपल्या कानाला खटकतो, याला एक ऐतिहासिक कारणही आहे. पोप दहावे पायस यांनी १९०७ साली 'पाशेंदी' या परिपत्रकाद्वारे ज्या मॉडर्निझमचा निषेध केला आणि ज्याच्याविरुद्ध १९१० पासून १९६७ पर्यंत धर्मगुरूंना शपथ घ्यावी लागे, तो ईशज्ञानातील एक मतप्रवाह होता. कलेतील आधुनिकतावादाशी त्याचे नामसाम्य आहे. गोत्र एक नव्हे. नामसाम्यामुळे भलत्याच माणसावर पकडवॉरंट बजावले जावे, तसे काहीसे या वाङ्मयाचे आपल्याकडे झाले आहे.

अतिवास्तववाद्यांनी मात्र आपल्याशी उघड वैर मांडले होते, हे मान्य केले पाहिजे. आंद्रे ब्रेताँचा जाहीरनामा १९२४ चा. बुद्धीचा लगाम सोडून, सौंदर्याची वा नीतीची चाड न बाळगता मन जे बोलेल ते जसेच्या तसे टिपावे, हे त्याचे सूत्र. पहिल्या महायुद्धात ब्रेताँने लष्करी रुग्णालयात मनोरुग्ण सैनिक पाहिले होते आणि फ्रॉईडचे विचार वाचले होते. ज्या शहाण्या, तर्कनिष्ठ युरोपने ते युद्ध घडविले त्याच्या तर्कावर विश्वास का ठेवावा, हा त्याच्या पिढीचा सवाल होता. या मंडळींच्या मुखपत्राने डिसेंबर १९२६ च्या अंकात, कवी बेंजामिन पेरे एका धर्मगुरूचा अपमान करीत असल्याचे छायाचित्र अभिमानाने छापले. त्या अनाम पाद्रीबाबांविषयी प्रस्तुत लेखकाला बंधुभाव वाटणे साहजिक आहे. पण एवढ्यावरून संबंध चळवळीचा निकाल लावता येणार नाही.

कारण अशक्य प्रतिमा ही काही पॅरिसची मक्तेदारी नव्हे. चाकांत चाके आणि त्या चाकांना सर्वत्र डोळे, खोऱ्यात पसरलेली शुष्क हाडे खडखडत एकमेकांना जुळणे, ही यहेज्केलची दर्शने कोणत्याही अतिवास्तववादी चित्राइतकीच अपरिचित आहेत. मराठीत मुक्ताबाईच्या कूट अभंगात मुंगी सूर्याला गिळते. पैठणच्या नाथांनी भारुडांतून आंधळे, बहिरे, भूत, विंचू असा सारा गोतावळा गावच्या चावडीपुढे नाचविला. तेव्हा आमच्या मराठवाड्याला ही भाषा परकी नाही. फरक आहे तो निराळाच. यहेज्केल हद्दपारीत असलेल्या, आपली आशा सरली असे म्हणणाऱ्या लोकांशी बोलत होता. नाथांसमोर हाडामांसाचा श्रोता बसलेला होता. ब्रेताँच्या सूत्रात श्रोत्याला स्थान नाही. मन बोलते आणि मनच ऐकते. साठोत्तरी अनियतकालिकांतील पुष्कळशी कविता याच कारणाने आज वाचवत नाही. तिच्यात दुर्बोधता आहे. पण ती कोणासाठी सोसावी हे कळत नाही.

मर्ढेकरांचे तसे नाही. 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर मुंबई सरकारने अश्लीलतेचा खटला भरला आणि न्यायालयाने कवीला निर्दोष ठरविले, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. त्यांनी हे मोडके, यंत्राच्या वंगणाने माखलेले जग कोणत्या छंदांत बसविले, तिकडे मात्र दुर्लक्ष होते. त्यांत अभंग आणि ओवी हे छंद आहेत. तुकोबा-रामदासांनी ज्या साच्यात देवाला हाक मारली, त्याच साच्यात हा कवी हे मोडके जग ठेवतो. महायुद्धानंतरचा माणूस त्या जगात दिसतो आणि छंद मात्र प्रार्थनेचाच राहतो. वाचकाला अस्वस्थ करते ती घाण नव्हे, ही विसंगती. कोलटकरांच्या १९७७ च्या संग्रहातील काही प्रतिमा मला आजही निव्वळ चमत्कृती वाटतात. पण 'भिजकी वही'त (२००३) इसिस, कॅसान्ड्रा, हिपेशिया अशा जगभरच्या रडणाऱ्या स्त्रिया त्यांनी एकत्र आणल्या, तेव्हा त्याच प्रतिभेला श्रोता सापडला होता, असे म्हणावेसे वाटते.

निलंगा परिसरात राहणाऱ्याला या चर्चेत आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे क्षणार्धात गेली. ज्या आढ्याखाली माणूस जन्मला तेच आढे त्याचे थडगे व्हावे, ही प्रतिमा कोणा कवीने रचली असती तर तिला आपण विकृत म्हटले असते. तेव्हा वास्तव मोडलेलेच असेल तर शब्द सुबक कसे राहावेत, हा प्रश्न या भागात तरी पुस्तकी नाही.

पुढे पुनर्वसनात बावन्न गावे जागा बदलून नव्याने वसविली गेली. भूमिहीनांना २५०, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या जमीनधारकांना ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. सरळ रस्ते, काटकोनी चौक, एकसारख्या रांगा. कलेतल्या आधुनिकांनी सरळ रेषा मोडली. समाजातल्या आधुनिकांनी, म्हणजे नियोजनकर्त्यांनी, ती गावावर आखली. भूकंपाला तोंड देणारी घरे मिळाली, हे ऋण मोठे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि वाड्याचा चौक, देवडी, ओसरी, वाकडी गल्ली आणि त्या गल्लीतले शेजारपण आराखड्यात मावले नाही. त्याचबरोबर त्या जुन्या गल्लीत कोणाला राहू दिले जात होते आणि कोणाला वेशीबाहेर ठेवले जात होते, हेही विसरू नये. चौरस फुटांनी जमिनीची उतरंड कायम ठेवली, हा त्यातला कडवट भाग. हे सारे एकाच वेळी सांगू शकेल अशी भाषा वर्तमानपत्राजवळ नाही, अहवालाजवळ तर नाहीच. ती मर्ढेकरांच्या घराण्यातील कवितेकडे असू शकते.

आणि आपली धर्मकविता? आपल्या भक्तिगीतांत पहाट आहे, कळी आहे, मेंढपाळ आहे, दीप आहे. सुरेल आहेत ती. मिस्सेत लोक मनापासून गातात. पण आपल्या नियतकालिकांकडे एखाद्या तरुणाने आक्रोशाची, देवाशी भांडणाची, तुटक ओळींची कविता धाडली, तर ती 'निराशावादी' असा शेरा मारून परत जाण्याचाच संभव अधिक. ईयोबाच्या संवादांची गतही आपल्या संपादकीय टेबलावर याहून निराळी झाली असती असे वाटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या काळात, मे १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून ख्रिस्तसभा व कलावंत यांच्यात आलेल्या दुराव्याविषयी मोकळेपणाने बोलणे केले होते. मराठी ख्रिस्ती साहित्यात ते बोलणे अजून पोहोचायचे आहे.

धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेत शुक्रवारी रात्री, निजण्यापूर्वी, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र म्हटले जाते. त्यात संकटातल्या माणसाला देवाचे उत्तर मिळत नाही, सांत्वन नाही. शेवटचा शब्द अंधाराचा आहे. ते म्हणून आम्ही दिवा मालवतो.