‘अच्छेव’ : खाणग्रस्त गाव आणि प्रतिकाराचा प्रश्न

पुंडलिक नाईक यांची ‘अच्छेव’ (१९७७) ही कोकणी कादंबरी विद्या पै यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (२००२) कोकणीबाहेरही पोहोचली. गोव्यातील एका शेतीप्रधान गावात खनिज उत्खनन सुरू होते आणि पंढरी व रुक्मिणी यांच्या शेतकरी कुटुंबाची त्यात वाताहत होते, हे तिचे कथासूत्र. मात्र तिला केवळ निसर्गऱ्हासाची कादंबरी म्हणणे अपुरे ठरते.

गोव्यातील उघड्या खाणीत एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती व दगड उपसावे लागतात. उतारावर रचलेला हा ढिगारा पावसाळ्यात ओढ्यांतून भातशेतीत उतरतो. हा विध्वंस डोळ्यांना दिसतो, मोजताही येतो. नाईक यांचे लक्ष मात्र त्याआधीच्या घटनेकडे आहे. रोख मजुरीच्या ओढीने माणसे स्वतःहून शेत सोडतात. ज्याची चूल खाणीवर पेटते, त्याने खाणीविरुद्ध उभे राहायचे कसे? कादंबरीत संघटित प्रतिकार उभा राहत नाही, याचे कारण इथे सापडते. तो लेखकाचा निराशावाद नव्हे.

तथापि एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. गावाचा ऱ्हास मुख्यतः कुटुंबाच्या नैतिक घसरणीतून, विशेषतः रुक्मिणीच्या वाट्याला आलेल्या कथेतून, व्यक्त होतो. परिणामी खाणमालक आणि शासन यांच्यापेक्षा स्त्रीचे वर्तनच वाचकाच्या न्यायासनासमोर येते. ही जुनीच खोड आहे.

प्रत्यक्षात प्रतिकार पुढे उभा राहिला, पण वेगळ्या भाषेत. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी, २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ही भाषा पट्ट्यांची, मुदतींची. शेताशी तुटलेल्या नात्याला त्यात रकाना नाही.

केपे तालुक्यातील कावरे गावच्या वेळीप आदिवासींनी मात्र निराळी मागणी केली : खाणकाम व्हायचेच असेल तर ते गावच्या सहकारी संस्थेमार्फत व्हावे. शुद्ध पर्यावरणवाद्यांना ती अडचणीची वाटेल. परंतु पंढरीला जो प्रश्न कधी विचारताच आला नाही, तोच तिथे ग्रामसभेत विचारला गेला : डोंगर कोणाचा?