शहर पाहणे आणि शहरातून पाहणे

मराठी समीक्षेत ‘महानगरीय साहित्य’ ही संज्ञा रूढ झाली ती प्रामुख्याने आशयाच्या आधारे. चाळ, झोपडपट्टी, गिरणी, लोकल, गर्दी ज्या कृतीत आली ती महानगरीय. शिवार, वाडा, चावडी ज्या कृतीत आली ती ग्रामीण. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) किंवा नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) यांच्यापुरती ही वाटणी उपयोगी पडते. गावाहून शहरात गेलेल्या, किंवा शहरातून गावी आणल्या गेलेल्या माणसाच्या निवेदनाला मात्र ती अपुरी ठरते. तेथे शहर हा वर्ण्यविषय असतोच असे नाही; अनेकदा ते केवळ उभे राहण्याची जागा असते आणि तेथून दिसते ते गाव. शहराने माणसाची दृष्टी बदलली असे आपण सहज म्हणतो, परंतु ती कशाविषयीची बदलली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) विचार या अंगाने करता येईल. पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी सांगवीहून पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, परीक्षांत अपयशी ठरतो आणि परत जातो. कथानक म्हणून सांगण्यासारखे याहून फारसे नाही. या कादंबरीची एक वाचने-परंपरा तिला परात्मतेची, अस्तित्ववादी जाणिवेची कादंबरी मानते. त्या वाचनात पुणे हे योगायोगाचे स्थळ उरते. दुसरी परंपरा, नेमाडे यांच्याच पुढील काळातील देशीवादी मांडणीच्या प्रकाशात मागे पाहणारी, पुण्याला मुळांपासून तोडणारी शक्ती समजते. दोन्ही वाचनांना संहिता पुरता आधार देत नाही. वडिलांशी असलेला पांडुरंगचा ताण पुण्याला जाण्याआधीचा आहे. सांगवी हे त्याचे हरवलेले सुखस्थान कधीच नव्हते. तेव्हा शहराने त्याला गावापासून तोडले हे म्हणणे फार सोपे झाले.

शहराने त्याला काय दिले, याचे उत्तर त्याच्या भाषेत शोधावे लागते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुधा शैलीचा विशेष म्हणून. वस्तुतः हे शब्द वर्गातल्या व्याख्यानाचे आणि पाठ्यपुस्तकाचे आहेत. ‘उदाहरणार्थ’ म्हणणारा माणूस समोरच्या गोष्टीला अनेकांपैकी एक ठरवतो. ‘वगैरे’ म्हणणारा उरलेल्या गोष्टी मोजण्याच्या लायकीच्या समजत नाही. महत्त्वाचे हे, की पांडुरंग ही भाषा केवळ पुण्याविषयी वापरत नाही. स्वतःचे वय, स्वतःचे घर, वडील, सांगवीतील दिवस, सर्व काही तो याच भाषेत सांगतो. शहरात मिळालेले हे उपकरण गावाकडे वळवले गेले, की गाव हे एकमेव जग राहत नाही; तेही एक उदाहरण होते. परतल्यानंतर त्याला सांगवीत राहता येते, पण सांगवी ही गृहीत धरता येत नाही. परतीचा भाग कादंबरीत विस्कळीत वाटतो अशी तक्रार करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी होती. मनीच्या, देवीने झालेल्या, मृत्यूपाशी हे उपकरण निकामी होते. तेथे निवेदनातील उपरोध गळून पडतो. मनी ही कशाचेच उदाहरण होऊ शकत नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) प्रवासाची दिशा सुरुवातीला उलटी आहे. बालपणीची काही वर्षे मुंबईत, कावाखान्यात गेल्यावर निवेदक गावी, महारवाड्यात येतो. बलुत्याची रीत ज्याने जन्मल्यापासून एवढेच जग म्हणून पाहिली, त्याला ती रीत म्हणून दिसणे कठीण. मुंबईत गोदीच्या कामावर वडिलांना मजुरी मिळते. गावात तोच समाज भाकरी मागून आणतो. या दोन गोष्टी एकाच मुलाच्या डोळ्यांपुढे आल्यामुळे बलुते हे विधिलिखित नसून एक व्यवहार आहे, आणि लाजिरवाणा व्यवहार आहे, हे कळते. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने १९५८ मध्ये रद्द झाली, पण या पुस्तकातील रद्दबातलपणा त्याआधीच, त्या मुलाच्या पाहण्यात, सुरू झालेला आहे. खेड्याविषयी बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काढलेले कठोर उद्गार याच अनुभवाच्या बाजूने आहेत.

तरीही ‘बलुतं’ला शहरमुक्तीची गाथा म्हणणे चूक ठरेल. कावाखाना ही जातीनेच वसवलेली वस्ती आहे. गावचे नातेगोते आणि गावची भांडणे तेथेही आहेत. आणखी एक गोष्ट अशी, की हे आत्मकथन दगडू मारुती पवार सांगतो आणि ते ऐकणारा दया पवार हा शहरात स्थिरावलेला, लिहिता माणूस आहे. एकाच माणसाची ही फाळणी रचनेची युक्ती म्हणून वाखाणली गेली. माझ्या मते ती युक्ती नाही. दगडूला जे भोगावे लागले ते सांगण्याजोगे आहे, हे ठरविण्यासाठी दया लागतो. आणि दयाला आपल्या पांढरपेशेपणात जे विसरायचे आहे ते दगडू विसरू देत नाही. पांडुरंगला ऐकणारा असा कोणी नाही. वर्गाने आणि जातीने त्याला दिलेली मोकळीक अशी, की दृष्टी बदलल्यावरही तो वडिलांच्या शेतीवर परतू शकतो. दगडूला परतायला महारवाडाच आहे. ‘शहराने बदललेली दृष्टी’ असे सरसकट बोलताना हा भेद पुसला जातो, आणि आपल्या ग्रामीण-महानगरीय-दलित अशा कप्पेबंद अभ्यासक्रमांनी या दोन पुस्तकांना शेजारी ठेवण्याची सोयच ठेवलेली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ‘शहरात गेला’ हे क्रियापदच तपासावे लागते. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’च्या (२००३) आरंभी फणसवळ्याच्या परिसरातील बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजारात जातात. शहरास जाणे हे त्यांचे नेहमीचे कष्टाचे काम आहे. त्यातून कोणाची दृष्टी बदलली असे कोणी म्हणणार नाही. पुढे लेखिका लग्नानंतर मुंबईस येते, नोकरी करते, शिकते, स्त्रियांच्या चळवळीत जाते, तेव्हा तिची अडवणूक शहरातल्या घरातच होते. आणि मुंबईत लिहायला बसल्यावर तिला आपल्या लेखनासाठी शब्द सापडतो तो आईच्या बांबूकामातला. आईने आयदाने विणली ती पोट भरण्यासाठी, मुले वाढवण्यासाठी. त्या विणण्याचे नाव आपल्या लेखनाला द्यावे असे वाटण्यासाठी मुलीला मुंबईत यावे लागले.