टाका, नाव आणि सख्य : मिरियम शापिरो यांच्या ‘फेमाज’चा पुनर्विचार

१

शिवणाच्या डब्यातील जुन्या वस्तू – लेसचे तुकडे, गुंड्या, भरतकाम केलेले हातरुमाल, क्रोशाचे विणकाम, उसवलेल्या कपड्यांचे अवशेष – रंगांच्या जोडीने एका पृष्ठावर बसवून स्त्रियांमधील सख्याचा गौरव करणारी कलाकृती घडविणे, हा प्रकार आज सर्वपरिचित झाला आहे. १९७० च्या दशकात मात्र ती एक सैद्धान्तिक कृती होती. ‘कला’ आणि ‘हस्तकौशल्य’ यांच्यामधील श्रेणीव्यवस्था ही सौंदर्यविषयक नसून लिंगभेदावर उभी आहे, हे त्या कृतीतून दाखवून द्यावयाचे होते. अमेरिकन चित्रकार मिरियम शापिरो (१९२३–२०१५) यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु या प्रकारच्या कलाकृतींची चर्चा करताना त्यांतून व्यक्त होणारे सख्य गृहीत धरण्याची प्रवृत्ती दिसते. अनेक स्त्रियांच्या हातचे काम एकत्र आले, की त्यातून भगिनीभाव आपोआप सिद्ध होतो, असे मानले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याची आवश्यकता आहे.

शापिरो यांचे ‘वंडरलँड’ (१९८३) हे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सुमारे साडेसात फूट उंच आणि बारा फूट रुंद अशा या भव्य कॅनव्हासच्या मध्यभागी एक लहानसे भरतकाम आहे. पाहुण्यांचे घरात स्वागत करणारी, किंचित वाकून अभिवादन करणारी एक गृहिणी त्यात दिसते. हे भरतकाम शापिरो यांना ऑस्ट्रेलियात मिळाले होते. त्याच्याभोवती अ‍ॅप्रन, हातरुमाल, क्रोशाचे रुमाल आणि क्विल्टचे चौकोन यांची दाट मांडणी केलेली आहे. एरवी स्वयंपाकघराच्या भिंतीवर धूळ खात पडलेले काम ऐतिहासिक चित्रांना शोभेल अशा आकारमानात मध्यवर्ती स्थान मिळविते, हा या चित्राचा पहिला आणि प्रभावी परिणाम होय. दुसरा परिणाम सावकाश जाणवतो. ते भरतकाम कोणी केले, हे चित्र सांगत नाही. ज्या गृहिणीच्या दारातून प्रेक्षक आत येतो, तिचे नाव त्याला कळत नाही. या अनामिकतेचा अर्थ कसा लावावयाचा?

२

शापिरो यांच्या कलाविचाराचा विकास लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकार म्हणून मान्यता मिळाल्यानंतर त्यांनी १९७१ मध्ये ज्यूडी शिकागो यांच्यासमवेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये स्त्रीवादी कलाशिक्षणाचा अभ्यासक्रम चालविला. त्यातूनच १९७२ च्या प्रारंभी हॉलिवूडमधील एका जुन्या घरात ‘वुमनहाउस’ हा प्रकल्प साकार झाला. त्यासाठी शापिरो आणि शेरी ब्रोडी यांनी ‘डॉलहाउस’ ही कृती मिळून केली. चिंध्या, लेस आणि स्त्रियांच्या लहानसहान आठवणींच्या वस्तू यांनी सजविलेले ते बाहुलीघर आजही दोघींच्या नावांनी ओळखले जाते. शापिरो यांच्या कॅनव्हासवर कापड अवतरले ते या सहकार्यानंतर, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सख्य हा त्यांच्या कलेचा विषय होण्यापूर्वी तिची निर्मितीप्रक्रिया होती.

पुढे मेलिसा मेयर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ‘वेस्ट नॉट, वॉन्ट नॉट’ हा निबंध ‘हेरेसीज’ या नियतकालिकाच्या १९७७–७८ च्या हिवाळी अंकात प्रसिद्ध झाला. स्त्रीवाचक शब्द आणि ‘कोलाज’ यांच्या सांध्यातून घडविलेली ‘फेमाज’ ही संज्ञा त्यात मांडली आहे. कलेतिहासात कोलाजचा प्रारंभ पिकासो आणि ब्राक यांच्या १९१२ मधील प्रयोगांपासून मानला जातो. निबंधलेखिकांच्या मते जपून ठेवणे, कापणे, जोडणे आणि चिकटविणे या क्रिया स्त्रिया त्यापूर्वी कितीतरी काळ करीत होत्या. इतिहासाला त्यांच्यासाठी नाव नव्हते इतकेच. फेमाज ओळखण्याच्या चौदा कसोट्या निबंधात दिल्या आहेत, आणि त्यांपैकी निम्म्या तरी पूर्ण व्हाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

या कसोट्यांमध्ये एक अंतर्गत ताण आहे. साठवण, तुकड्यांचा पुनर्वापर, आकृतिबंध या कसोट्या साहित्याशी आणि रचनेशी संबंधित आहेत. परंतु कृतीचा विषय निकटवर्तीयांना उद्देशून असावा, तीत रोजनिशी लिहिणारीची दृष्टी असावी, तीत हस्ताक्षर शिवलेले असावे, या कसोट्या एका निश्चित संबंधाकडे निर्देश करतात. निकटवर्तीय म्हणजे नावाने ओळखले जाणारे वाचक. अशी वस्तू त्या वर्तुळातून उचलून संग्रहालयाच्या भिंतीवर नेली, की पहिल्या प्रकारच्या कसोट्या पूर्वीसारख्याच पूर्ण होतात. दुसऱ्या प्रकारच्या मात्र केवळ आठवणीच्या रूपाने उरतात. निकटवर्तीयांना उद्देशून केलेले काम आता अपरिचितांपुढे उभे असते. फेमाजची संकल्पना या स्थानांतराविषयी फारसे बोलत नाही.

३

व्याख्यानांसाठी ठिकठिकाणी जात असताना शापिरो भेटणाऱ्या स्त्रियांकडे आठवण म्हणून एखादा हातरुमाल, लेसचा तुकडा किंवा अ‍ॅप्रन मागत आणि पुढे तो आपल्या चित्रात योजीत. हातरुमालांच्या रचनेतून घडलेल्या त्यांच्या १९७६ मधील एका चित्राचे शीर्षक ‘कनेक्शन’ असे आहे. देणे आणि स्वीकारणे या व्यवहारात सख्याची बीजे निश्चितच आहेत. याच सुमारास केलेल्या कृतींना त्यांनी ‘अ‍ॅनॉनिमस वॉज अ वुमन’ हे शीर्षक दिले. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या १९२९ मधील ‘ए रूम ऑफ वन्स ओन’ या ग्रंथातील निरीक्षणावर ते आधारलेले आहे. अनामिकांना आदरांजली वाहण्याचा हेतू येथे उघड आहे.

याच काळात शापिरो यांनी ‘कोलॅबरेशन’ या मालिकेला प्रारंभ केला. ‘मेरी कसॅट अँड मी’ (१९७६) यासारख्या कृतींत पूर्वकालीन स्त्री-चित्रकाराच्या चित्राची प्रतिकृती मध्यभागी ठेवून तिच्याभोवती कापडाची चौकट रचलेली असते. पुढे फ्रिडा काहलो यांच्याशीही त्यांनी असाच संवाद साधला. या दोन प्रकारच्या कृती शेजारी ठेवल्या म्हणजे एक विषमता लक्षात येते. कसॅट आणि काहलो शीर्षकात नावाने येतात, त्या सहकारी ठरतात. हातरुमाल देणारी किंवा भरणारी स्त्री ‘अनामिक’ या कोटीत जाते, ती साहित्य ठरते. चित्रकार आणि शिवणारी यांच्यामधील ज्या श्रेणीभेदाला फेमाजने आव्हान दिले, तोच भेद नामनिर्देशाच्या पातळीवर पुन्हा शिरकाव करून घेतो.

बाजारात किंवा प्रवासात सापडलेल्या जुन्या भरतकामाच्या कर्त्रीचे नाव कलावंताला ठाऊक असणार कसे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे, आणि शापिरो यांच्यावर वैयक्तिक दोषारोप करण्याचे प्रयोजनही नाही. प्रश्न आहे तो ‘अनामिक’ या कोटीचा. पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मध्ये ‘क्विल्ट्स : द ग्रेट अमेरिकन आर्ट’ या निबंधात दाखवून दिले होते, की क्विल्ट करणाऱ्या स्त्रिया आपल्या कामावर वारंवार नाव आणि तारीख घालीत, आणि ते कोणाला मिळावे याची नोंद मृत्युपत्रात करीत. त्या स्वतःला अनामिक समजत नव्हत्या. याचा अर्थ असा, की अनामिकता हा या कामाचा मूळ गुणधर्म नाही. जपणूक, विक्री आणि संग्रह यांच्या व्यवहारात ती नंतर निर्माण झाली. तिला स्त्रीत्वाचे लक्षण मानून गौरविणे म्हणजे विस्मरणालाच अलंकार चढविणे होय.

४

या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील ‘फ्रेंडशिप क्विल्ट’चा प्रकार अर्थपूर्ण ठरतो. १८४० च्या दशकात ईशान्य अमेरिकेत त्याचा विशेष प्रसार झाला. पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या किंवा विवाहानंतर दूर जाणाऱ्या मैत्रिणीसाठी कापडाचे चौकोन जोडून क्विल्ट तयार होई आणि प्रत्येक चौकोनावर एकेक नाव असे. कापड न जाळणारी, धुऊन न जाणारी शाई उपलब्ध झाल्यामुळे हे शक्य झाले. येथे सख्याची रचना स्पष्ट आहे. चौकोन एकमेकांना जोडलेले आहेत, तरीही एकाचे नाव दुसऱ्यात विरघळत नाही.

मात्र या प्रकाराचेही आदर्शीकरण करता येणार नाही. अनेक क्विल्टवरील सर्व नावे एकाच सुवाच्य हस्ताक्षरात आढळतात. म्हणजे ज्यांची नावे आहेत त्या सर्वजणींनी ती स्वतः लिहिलेली नाहीत. तरीही दुसऱ्या कोणीतरी का होईना, प्रत्येकीचे नाव वेगळे लिहिणे आवश्यक मानले, ही गोष्ट उरतेच. सख्याला प्रत्येक हाताची साक्ष मिळेलच असे नाही. प्रत्येक नावाची नोंद मात्र त्याला हवी असते.

ब्रिटनमधील ‘फेमिनिस्टो’ हा उपक्रम याच तत्त्वाचा आधुनिक आविष्कार म्हणता येईल. सॅली गॉलप लंडन सोडून आइल ऑफ वाइट येथे राहावयास गेल्यानंतर त्या आणि त्यांची मैत्रीण केट वॉकर १९७५ मध्ये एकमेकींना घरगुती साहित्यातून केलेल्या छोट्या कलाकृती टपालाने पाठवू लागल्या. हळूहळू इतर स्त्रियाही सामील झाल्या. शिवण, विणकाम, क्रोशा यांतून घडलेल्या या वस्तू १९७७ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कन्टेम्पररी आर्ट्समध्ये प्रदर्शित झाल्या. येथे प्रत्येक वस्तू पत्रासारखी आहे. ती कोणाकडून तरी निघते, कोणाला तरी पोहोचते आणि उत्तराची अपेक्षा करते. ‘वंडरलँड’मधील वस्तू एकत्र नांदतात, ‘फेमिनिस्टो’मधील वस्तू एकमेकींशी बोलतात. सख्याच्या या दोन संकल्पना आहेत आणि त्यांतील अंतर समीक्षेने पुसून टाकू नये.

५

हा भेद साहित्यकृतीच्या आधारे अधिक नेमकेपणाने मांडता येईल. सुझन ग्लास्पेल यांची ‘ट्रायफल्स’ (१९१६) ही एकांकिका त्यांनी बातमीदार म्हणून वार्तांकन केलेल्या, आयोवातील १९०० मधील एका खुनाच्या घटनेवर आधारलेली आहे. पतीच्या खुनाचा आरोप असलेली मिनी राइट रंगमंचावर येतच नाही. पुरुष अधिकारी घरभर पुरावा शोधीत हिंडतात. मिसेस हेल आणि मिसेस पीटर्स या दोन स्त्रिया मात्र तिच्या शिवणाच्या टोपलीपाशी थांबतात. क्विल्टच्या एका चौकोनापर्यंत टाके नीटस आहेत आणि नंतर एकाएकी ते वेडेवाकडे होतात, हे त्यांच्या लक्षात येते. त्या टाक्यांतून त्या मिनीची मनःस्थिती वाचतात. टाका ही येथे स्वाक्षरीच आहे.

पुढची घटना अधिक सूचक आहे. मिसेस हेल ते बिघडलेले टाके उसवून नीट घालू लागतात. ही कृती सख्याची आहे. तीतून एका असहाय स्त्रीला संरक्षण मिळते. परंतु त्याच कृतीने मिनीच्या हाताची खूणही पुसली जाते. आपण या शेजारणीकडे कधी फिरकलो नाही, ही मिसेस हेल यांची बोच त्या दुरुस्तीमागे आहे. जिवंतपणी जी ओळख ठेवली नाही, तिची भरपाई त्या सुईने करू पाहतात. जुन्या शिवणकामाला नव्या कलाकृतीत स्थान देणाऱ्या प्रत्येक कलावंताची अवस्था काहीशी अशीच असते. ती दुसरीचे काम वाचविते, आणि वाचविताना स्वतःचा टाका त्यावर घालते. हा पेच टाळता येत नाही. तो कृतीत दिसू देणे मात्र शक्य असते.

६

मराठी समीक्षेच्या दृष्टीने या चर्चेचे एक प्रयोजन आहे. साहित्यकृतीची प्रशंसा करताना मराठी समीक्षा ‘वीण’, ‘पोत’, ‘गुंफण’ हे शब्द योजते. दोष दाखविताना ‘ठिगळ’ हा शब्द तिच्या हाताशी येतो. सलग वस्त्र हा आदर्श आणि जोडलेले वस्त्र ही उणीव, असा संकेत या परिभाषेत रुजलेला आहे. जीर्ण लुगड्यांच्या थरांवर धावदोरा घालून केलेली गोधडी या संकेतात बसत नाही. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातील माणसे ओळखतात. त्या ओळखीतच गोधडीचा आशय असतो. ती ओळख सांगणारे माणूस गेले, की तीच गोधडी केवळ एक आकर्षक आकृतिबंध ठरते. फेमाजच्या निमित्ताने उपस्थित होणारा प्रश्न त्यामुळे मराठी वाचकाला परका वाटू नये. ठिगळाला प्रतिष्ठा देणे आवश्यक आहेच. त्याबरोबर ते कोणाच्या वस्त्रातून आले, हे विचारणेही आवश्यक आहे.

‘वंडरलँड’कडे पुन्हा वळले असता त्यातील गृहिणीचे स्वागत आता वेगळे जाणवते. शापिरो यांनी तिला दिलेले मध्यवर्ती स्थान हे कलेतिहासाने केलेल्या अन्यायाचे परिमार्जन आहे, आणि ते कमी मोलाचे नाही. तिच्या कामाभोवती चौकट उभारली गेली नसती, तर ती अनामिक आहे, हे तरी कोणाच्या ध्यानात आले असते? परंतु परिमार्जन आणि सख्य या भिन्न गोष्टी आहेत. परिमार्जन एका समूहाचे करता येते. सख्य एका व्यक्तीशी होते. गृहिणी दारात उभी राहून आत बोलावते आहे. आत गेलेल्या प्रेक्षकाने तिचे नाव विचारावे, एवढी अपेक्षा त्या स्वागतात निश्चितच आहे.